लहान मेंदूच्या धमन्या: रचना, वेगळेपण आणि शस्त्रक्रिया (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

एमआरआयच्या रिपोर्टवर 'पायका', 'आयका', 'हायपोप्लास्टिक' असे शब्द दिसले की घरची माणसं एकदम गप्प होतात. मग मोबाइलमधला रिपोर्टचा फोटो पुढे करून एकच प्रश्न येतो: "डॉक्टर, हे काय निघालंय?" ओपीडीत प्रत्येकाला सविस्तर सांगायला वेळ पुरत नाही, याची मला खंत आहे. म्हणून नेहमीचे प्रश्न इथे एकत्र लिहून काढले आहेत. न्यूरोसर्जरीकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनाही यातला काही भाग उपयोगी पडेल. मात्र हे वाचून कोणी स्वतःचं औषध बंद करू नये किंवा बदलू नये.

लहान मेंदू नेमका कुठे असतो आणि करतो काय?

मानेच्या वर, डोक्याच्या मागे तळहात टेकवा. हाताला जे हाड लागतं त्याच्या आत लहान मेंदू असतो. शाळेच्या पुस्तकात त्याला अनुमस्तिष्क म्हटलेलं असतं. वजन जेमतेम 150 ग्रॅम, म्हणजे सगळ्या मेंदूच्या दहाव्या हिश्श्याएवढं. पण मेंदूतल्या सुमारे 86 अब्ज चेतापेशींपैकी जवळपास 69 अब्ज एकट्या याच भागात असतात. सुईत दोरा ओवणं, भरलेला पेला न सांडता नेणं, जिना उतरताना पायरी न चुकणं, बोलताना शब्द अडखळू न देणं, ही सगळी त्याची कामं. हातापायांत ताकद असूनही ती नीट वापरता येत नसेल, तर बिघाड बहुधा इथे असतो.

त्याला रक्त कुठून मिळतं?

मानेतून दोन व्हर्टिब्रल धमन्या वर चढतात. मानेच्या सहाव्या मणक्यापासून पहिल्यापर्यंत प्रत्येक मणक्याच्या बाजूला एक भोक असतं. माळेत दोरा ओवावा तशा या धमन्या त्या भोकांतून वर जातात, पहिल्या मणक्याला मागून वळसा घालतात आणि कवटीत शिरतात. आत गेल्यावर दोघी मिळून एकच बॅसिलर धमनी तयार होते. शरीरात धमन्यांना पुढे पुढे फांद्या फुटत जातात. दोन मोठ्या धमन्यांनी एकत्र येऊन एक होणं विरळाच.

लहान मेंदूला या रस्त्यावरून प्रत्येक बाजूला तीन फांद्या मिळतात. व्हर्टिब्रल धमनीतून निघते ती पायका (PICA, लहान मेंदूची मागची-खालची धमनी), बॅसिलरच्या खालच्या भागातून आयका (AICA, पुढची-खालची धमनी) आणि बॅसिलरच्या अगदी शेंड्याजवळून एससीए (SCA, वरची धमनी). मराठी पुस्तकांत धमनीला रोहिणीही म्हणतात. रिपोर्टवर मात्र ही इंग्रजी आद्याक्षरंच असतात, म्हणून इथेही तीच वापरतो.

तिन्हींचा पसारा लक्षात कसा ठेवायचा?

विद्यार्थ्यांना मी नेहमी अल्बर्ट रोटन यांची रीत सांगतो. फ्लोरिडा विद्यापीठातल्या या न्यूरोसर्जनने रंगीत द्रव्य भरलेल्या धमन्यांचं सूक्ष्मदर्शकाखाली विच्छेदन करण्यात आयुष्य घालवलं. त्यांनी दाखवलं की कवटीच्या या मागच्या कप्प्यात सगळं तीन-तीनच्या हिशेबात बसतं. ब्रेनस्टेमचे, म्हणजे मेंदूच्या देठाचे, भाग तीन, लहान मेंदूला देठाशी जोडणारे खांब तीन, लहान मेंदूचे पृष्ठभाग तीन आणि धमन्याही तीन.

पुढे 'नस' म्हटलंय ती रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू; मेंदूतून थेट निघणाऱ्या अशा नसांना एक ते बारा क्रमांक आहेत. वरच्या मजल्यावर एससीए. ती डोळा हलवणाऱ्या तिसऱ्या आणि चौथ्या नसेच्या खालून आणि चेहऱ्याच्या पाचव्या नसेच्या वरून जाते. मधल्या मजल्यावर आयका. तिच्या शेजारी सहावी, सातवी आणि आठवी नस, म्हणजे चेहऱ्याची हालचाल आणि ऐकणं. खालच्या मजल्यावर पायका. तिच्याभोवती नववी ते बारावी नस, म्हणजे गिळणं, आवाज आणि जीभ. एवढं पाठ झालं की कुठली धमनी बिघडल्यावर कुठलं लक्षण दिसेल हे घोकावं लागत नाही.

पायकाबद्दल सर्जन इतकं का बोलतात?

कारण तिच्याइतकी वळणावळणाची आणि बेभरवशाची धमनी डोक्यात दुसरी नाही. निघाल्यावर ती जिभेच्या बाराव्या नसेच्या बारीक मुळांमधून वाट काढते, देठाला वळसा घालते, लहान मेंदूच्या टॉन्सिल नावाच्या तळाच्या गोलसर भागापाशी खाली एक फेरा घेते, तिथून वर चढून दुसरा फेरा घेते आणि मग पृष्ठभागावर पसरते. घशातल्या टॉन्सिलशी या टॉन्सिलचा काही संबंध नाही, फक्त नाव सारखं आहे.

शस्त्रक्रियेच्या सोयीसाठी तिचे पाच भाग मानतात. पहिल्या तीन भागांतून केसाहून बारीक फांद्या थेट देठात शिरतात. त्या फांद्यांवर गिळणं, आवाज आणि शरीराची संवेदना अवलंबून असते. वरच्या फेऱ्यावर कोरॉइडल पॉइंट नावाची जागा आहे. तिच्या पलीकडे सहसा देठाकडे फांद्या जात नाहीत. त्यामुळे त्या बिंदूच्या अलीकडे पायका बंद करणं धोक्याचं असतं. पलीकडे ती बंद करावी लागली, तर रुग्ण बऱ्याचदा ते निभावून नेतो. ऑपरेशन टेबलावरचा एखादा निर्णय या एका बिंदूवर फिरतो.

रिपोर्टमध्ये 'उजवी पायका दिसत नाही' किंवा 'व्हर्टिब्रल हायपोप्लास्टिक' लिहिलंय. हा आजार आहे का?

बहुतेक वेळा नाही. हायपोप्लास्टिक म्हणजे जन्मापासून बारीक. दोन व्हर्टिब्रल धमन्यांपैकी एक जाड आणि एक बारीक असणं अगदी नेहमीचं आहे. काहींमध्ये तर बारीक व्हर्टिब्रल धमनी बॅसिलरपर्यंत पोचतच नाही, पायका होऊनच संपते. एका बाजूची पायका नसेल तर त्याच बाजूची आयका मोठी होऊन तिचा मुलूख सांभाळते. कधी दोघींचं मिळून एकच खोड असतं. तर कधी एकच पायका दोन्ही बाजूंना रक्त पुरवते.

तिघींत सर्वांत इमानी एससीए. ती नाही असं क्वचितच होतं, पण ती दुहेरी असू शकते. रोटन यांच्या गटाने 50 एससीए तपासल्या तेव्हा 7 दुहेरी निघाल्या.

फक्त चक्कर येते म्हणून एमआरआय झाला आणि त्यात एवढंच दिसलं, तर चक्करेचं खापर या बारीक धमनीवर फोडण्याची घाई करू नये. कानातल्या खड्यांमुळे येणारी चक्कर यापेक्षा कितीतरी जास्त आढळते आणि ती डोक्याच्या ठरावीक हालचालींनी काही मिनिटांत बरी करता येते. चक्करेसाठी वर्षानुवर्षं गोळ्या खाणारी माणसं भेटतात, त्यांची या खड्यांसाठीची तपासणीच कोणी केलेली नसते, आणि वाईट वाटतं.

इतका फरक मुळात का पडतो?

गर्भात या धमन्या एकाच वेळी बनत नाहीत. एससीए फार लवकर उभी राहते, म्हणून ती जवळपास सगळ्यांत सारखी असते. आयका आणि पायका मागाहून, आधीच्या जाळ्यातल्या काही वाहिन्या टिकून आणि बाकीच्या विरून तयार होतात. कुठली टिकली आणि कुठली विरली यावर शेवटची रचना ठरते. म्हणूनच एखाद्याची पायका कवटीच्या आत न निघता मानेत, पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या पातळीवरच निघते.

मग सर्जनने त्याची काळजी का करायची?

वरचंच उदाहरण घ्या. मानेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यात स्क्रू बसवायचे आहेत आणि तिथेच पायका निघते आहे. हे आधी माहीत नसेल तर हाड मोकळं करताना तिला इजा होऊ शकते. ऐकण्याच्या नसेवरची गाठ काढतानाही तसंच. आयकाचा फेरा काही जणांत कानाच्या हाडातल्या बोगद्याच्या तोंडाशी, तर काहींत थेट आत गेलेला असतो. आतल्या कानाला रक्त देणारी बारीक धमनी बहुधा आयकातूनच निघते आणि तिला पर्यायी रस्ता नसतो. ती गेली तर त्या कानाचं ऐकणं गेलं.

म्हणून अशा शस्त्रक्रियेआधी सीटी अँजिओग्राफी किंवा डीएसए (धमनीत नळीने रंगद्रव्य सोडून काढलेले धमन्यांचे एक्स-रे) सांगितली जाते. "एमआरआय झालाय ना, आता पुन्हा खर्च कशाला?" हा प्रश्न रास्त आहे. पण या भागात पुस्तकातल्या नकाशावर विसंबून चालत नाही. ज्याचं ऑपरेशन, त्याचाच नकाशा समोर हवा.

यातली धमनी बंद पडली तर काय होतं?

पायकाच्या मुलखात स्ट्रोक झाला तर जोरात गरगरतं, उलट्या होतात आणि माणूस एका बाजूला झुकतो. देठाचा बाजूचा भागही गेला तर गिळताना ठसका लागतो, आवाज घोगरा होतो, उचकी थांबत नाही. एका बाजूच्या चेहऱ्याला आणि विरुद्ध बाजूच्या अंगाला गरम-गार कळेनासं होतं. आडोल्फ वॉलेनबर्ग यांनी 1895 मध्ये या लक्षणांचं वर्णन केलं आणि आजही ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. यात अनेकदा बंद पडलेली असते ती पायका नसून तिची जन्मदाती व्हर्टिब्रल धमनी. आयका बंद पडली तर चक्करेबरोबर एका कानाने अचानक ऐकू येईनासं होतं आणि चेहरा वाकडा होऊ शकतो. एससीएच्या स्ट्रोकमध्ये बोलणं जड होतं, हात थरथरतो, चाल डगमगते.

अशा रुग्णाच्या हातापायांत ताकद असते. त्यामुळे "लकवा नाही, पित्त झालंय" म्हणून घरी थांबतात.

मग साधी चक्कर आणि ही चक्कर यात फरक कसा करायचा?

घरच्यांसाठी एकच कसोटी सांगतो: रुग्णाला आधाराशिवाय उभं करून पाहा. कानाच्या चक्करेत माणूस त्रासलेला असतो, पण बहुतेक वेळा भिंत धरून का होईना चालतो. चक्कर अचानक सुरू झाली आणि बसताही येत नाही, उभं केलं की एका बाजूला पडतो, असं असेल तर तो स्ट्रोक समजून 108 ला फोन करा. दोन-दोन दिसणं, बोबडं बोलणं, ठसका, नव्याने सुरू झालेलं तीव्र डोकं किंवा मान दुखणं, यांपैकी काहीही सोबत असेल तर एक मिनिटही थांबू नका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांपर्यंतच देता येतं.

सीटी स्कॅन नॉर्मल आला. आता काळजी नाही ना?

दुर्दैवाने असं म्हणता येत नाही. या भागाभोवती जाड हाड आहे, त्यामुळे सीटीत सुरुवातीचा स्ट्रोक सहज निसटतो. रक्तस्राव मात्र सीटीत लगेच दिसतो. पहिल्या एक-दोन दिवसांत एमआरआयसुद्धा कधी कधी चकवतो. म्हणून अनुभवी डॉक्टर रुग्णाच्या डोळ्यांची हालचाल बारकाईने बघतात आणि त्याला चालवून पाहतात. ही तपासणी करायला दोन मिनिटं लागतात.

"पेशंट बोलतोय, जेवतोय, तरी आयसीयूत का ठेवलाय?"

हा प्रश्न जवळपास प्रत्येक कुटुंब विचारतं. उत्तर नीट समजून घ्या.

लहान मेंदू ज्या कप्प्यात आहे तो अगदी अडचणीचा आहे. वर पडद्याचं घट्ट छप्पर, भोवती हाड, पुढे देठ. स्ट्रोकमध्ये मेलेला भाग दुसऱ्या ते चौथ्या दिवसापर्यंत सुजत जातो. सुजायला जागा नसते, म्हणून तो आधी मेंदूतल्या पाण्याचा रस्ता दाबतो आणि मग देठ. पाणी तुंबलं की माणूस झोपाळू होतो. देठ दाबला गेला की श्वास थांबू शकतो. पहिल्या दिवशी गप्पा मारणारा रुग्ण तिसऱ्या दिवशी काही तासांत बेशुद्ध होऊ शकतो. मोठा स्ट्रोक असेल तर न्यूरोसर्जन असलेल्या रुग्णालयातच ठेवा, असा आमचा आग्रह त्यासाठी असतो. "आज जास्तच झोपतोय, दमला असेल" असं वाटलं तरी नर्सला लगेच सांगा.

सूज वाढली तर कोणतं ऑपरेशन करतात?

मागच्या हाडाचा मोठा तुकडा काढतात, बहुधा पहिल्या मणक्याची मागची कमानही काढतात आणि आतलं आवरण उघडून मेंदूला जागा करून देतात. पाणी तुंबलं असेल तर कवटीत नळी टाकून ते बाहेर काढतात. फक्त नळी टाकून भागेल का, असं विचारलं जातं. खालचा दाब तसाच ठेवून वरचं पाणी काढलं तर सुजलेला भाग वर सरकण्याचा धोका असतो. त्यामुळे गरज असेल तर दोन्ही करावं लागतं.

या ऑपरेशनला घरच्यांनी घाबरून नकार देऊ नये, असं मला मनापासून वाटतं. देठ शाबूत असेल आणि ऑपरेशन वेळेत झालं, तर इतका गंभीर झालेला रुग्णही पुढे चालत घरी जाऊ शकतो.

रक्तस्रावातही तोच विचार. लहान मेंदूतली गुठळी 15 मिलिलिटर किंवा त्याहून मोठी असेल, देठ दाबला जात असेल किंवा पाणी तुंबलं असेल, तर ती काढण्याचा सल्ला दिला जातो. 15 मिलिलिटर म्हणजे चहाचे तीन चमचे. जागा एवढी तोकडी आहे.

या धमन्यांवर फुगा येतो म्हणजे काय?

धमनीची भिंत कमकुवत होऊन फुगते. मेंदूतल्या एकूण फुग्यांपैकी लहान मेंदूच्या धमन्यांवरचे थोडेच. त्यांतले बरेचसे पायकावर किंवा ती जिथून निघते तिथे असतात. फुटला तर "आयुष्यात अशी डोकेदुखी कधी झाली नव्हती" असं रुग्ण सांगतो.

उपचाराचे रस्ते दोन. मांडीतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून नळी नेऊन फुग्यात प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी भरणं, म्हणजे कॉइलिंग. किंवा कवटी उघडून फुग्याच्या मानेला चिमटा लावणं, म्हणजे क्लिपिंग. या भागात आज कॉइलिंगचा विचार बऱ्याचदा आधी होतो, कारण चिमट्यापर्यंत पोचायचं तर गिळण्याच्या आणि जिभेच्या नसांमधून जावं लागतं. पण पायकाचे फुगे कित्येकदा द्राक्षासारखे लोंबत नाहीत. धमनीचा पूर्ण तुकडाच फुगलेला असतो आणि त्यातूनच पुढचं रक्त जातं. तिथे कॉइल भरली तर धमनी बंद, चिमटा लावला तरी बंद.

मग बायपास?

हो, मेंदूतही बायपास होतो. डोक्याच्या मागच्या कातडीला रक्त देणारी ऑक्सिपिटल धमनी सोडवून पायकाला जोडतात. दुसरी रीत मला विशेष सुंदर वाटते. डाव्या आणि उजव्या पायकाचे खालचे फेरे दोन टॉन्सिलांच्या मधल्या फटीत एकमेकींच्या अगदी शेजारून जातात. तिथे दोघींना बाजूबाजूने उघडून शिवलं, की एकीचं रक्त दुसरीला मिळतं आणि आजारी तुकडा निर्धास्तपणे बंद करता येतो. शिवणाचा धागा केसाहून बारीक, काम सगळं सूक्ष्मदर्शकाखाली. पण एकीकडे पायकाच नसेल तर ही रीत लागू पडत नाही.

चेहऱ्यात करंट बसतो आणि डॉक्टर म्हणतात धमनी नसेला लागतेय. याचा लहान मेंदूशी काय संबंध?

ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात तो हा आजार. दात घासताना, घास चावताना, वारा लागला तरी विजेसारखी कळ. कितीतरी जणांनी आधी एक-दोन चांगले दात काढून घेतलेले असतात, तरी कळ तशीच. पाचवी नस देठातून बाहेर पडते तिथे बहुधा एससीएचा फेरा तिच्यावर टेकलेला असतो आणि प्रत्येक ठोक्याला तिला घासतो. वॉल्टर डँडी यांनी हे 1930च्या दशकातच ऑपरेशन करताना पाहिलं होतं. 1960च्या दशकात पिटर जॅनेटा यांनी सूक्ष्मदर्शक वापरून त्यावर शस्त्रक्रिया घडवली. कानामागे लहान खिडकी करायची, धमनी नसेपासून हळूच दूर करायची आणि मध्ये टेफ्लॉनचा कापसासारखा तुकडा ठेवायचा. यात नस कापली जात नाही.

पहिला उपाय मात्र कार्बामाझेपिनसारखी गोळी. ती पुरेनाशी झाली किंवा सोसेनाशी झाली की ऑपरेशन. जॅनेटा यांच्या गटाने 1996 मध्ये 1,185 रुग्णांचा हिशेब मांडला. दहा वर्षांनंतर सुमारे 70 टक्के रुग्ण औषधाशिवाय वेदनामुक्त होते. चेहऱ्याची एक बाजू सतत फडफडत असेल तर दोषी सहसा आयका किंवा पायका असते आणि उपाय तोच. तिथे ऐकण्याची नस खेटून असते, म्हणून ऑपरेशन चालू असताना तिच्यावर यंत्राने लक्ष ठेवतात.

सलूनमध्ये मान मोडून घेतली तर चालेल का?

नको. कटिंग झाल्यावर मान कडकन फिरवून देण्याची पद्धत बंद व्हावी, असं मी प्रत्येक रुग्णाला सांगतो. पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी व्हर्टिब्रल धमनी वळणावर ताणली जाते. हिसक्याने तिचा आतला पदर फाटला तर तिथे गुठळी होते आणि तीच पुढे पायकात जाऊन अडकते. असा स्ट्रोक तरुणांनाही होतो. पार्लरमध्ये केस धुताना मान मागे टाकून बसल्यावर झालेले पाच रुग्ण 1993 मध्ये अमेरिकेत नोंदवले गेले. केस धुताना मानेखाली टॉवेलची घडी घ्या.

ऑपरेशननंतर किती दिवसांत बरं वाटतं?

तोल हळूहळू सुधारतो. पहिले तीन महिने महत्त्वाचे, पण सुधारणा त्यानंतरही चालू राहते. सगळ्यांत मोठा धोका गिळण्याचा. थेरपिस्टने परवानगी देईपर्यंत तोंडाने चमचाभर पाणीही देऊ नका. पातळ पाणी श्वासनळीत आधी जातं, घट्ट खिमट त्यामानाने सोपं. नाकातली नळी पाहून घरच्यांना वाईट वाटतं, पण न्यूमोनियापासून तीच वाचवते. चालण्याचा सराव रोज हवा आणि सुरुवातीला कोणी तरी सोबत हवंच. दुचाकी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. खर्चासाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाला, पहिल्याच दिवशी भेटा. कागद नंतर जमवायला जड जातं.

जुने रिपोर्ट आणि सीडी किती दिवस सांभाळायच्या?

कायम. अँजिओग्राफीची सीडी तर नक्कीच, कारण धमन्यांची ठेवण त्यात आहे आणि पुढे मानेचं किंवा कानाचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला ती लागेल. क्लिप बसवली असेल तर कंपनी आणि मॉडेल लिहिलेलं कार्ड मागून घ्या, त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा, आणि एमआरआयच्या खोलीत शिरण्याआधी तंत्रज्ञाला ते दाखवा.